घोड्याचं मलम आणि चांगशूचं इंग्रजी

चांगशूने पेकिंगमधल्या आमच्या परभाषांच्या सरकारी शाळेत अकरा वर्षं काढली. काढली म्हणायचं, कारण शिकला काहीच नाही. घराणं राज्यकर्त्या मांचू सरदारांचं, त्यामुळे जागा आयती मिळाली. रसायनशास्त्राच्या तासाला तो तिळाची भाकरी खात बसायचा. त्याचे इंग्रजीचे धडे मी लिहून द्यायचो आणि मी गरीब घरचा म्हणून तो माझीच टिंगल करायचा.

एकदा त्याचे सासरे वेनख्वेई शाळा बघायला आले. एका हातात चंडोलाचा पिंजरा, दुसऱ्या हाताने नाकाला रुमाल.

"काय हो जावईबापू, या बाटल्यांत भुतं कोंडलीत का?"

"आम्लं आहेत, बाबा."

"वास तर भुतांचाच येतोय. बरं, हे वाचा."

कुणा परदेशी व्यापाऱ्याने दिलेल्या डब्यावरचा सोनेरी इंग्रजी अक्षरांचा कागद होता तो. चांगशूने तो उलटसुलट केला, घसा खाकरला.

"कविता आहे. घरच्या वडीलधाऱ्यांना शंभर वर्षं आयुष्य लाभो, अशी."

मी शेजारीच होतो. घोड्याच्या खुरांना लावायच्या मलमाची जाहिरात होती. मी त्याला उघडं पाडलं नाही. खरं सांगायचं तर मला मजा वाटली.

वेनख्वेईंनी कागद चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावला. त्यांच्या साठीच्या जेवणाला मलाही बोलावलं होतं. पाहुणे त्या कागदासमोर वाकून नमस्कार करत होते, तेव्हा मात्र मला हसू आवरेना.

"दात कसले काढता?" वेनख्वेई ओरडले.

मी खरं ते सांगितलं. चांगशूचा चेहरा जराही हलला नाही.

"हा बाजारी इंग्रजी शिकलाय, बाबा. दरबारी इंग्रजीत अर्थ निराळा होतो."

म्हाताऱ्याला तेच पटलं. नोकरांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं. माझ्या शेवया तशाच वाडग्यात राहिल्या.

पुढच्या वसंतात चांगशू दुभाषा म्हणून वकिलातीबरोबर लंडनला गेला. तिथे दोन वर्षं तो फक्त आपल्या आचाऱ्याशी बोलला, असं त्या आचाऱ्यानेच मला सांगितलं. परतल्यावर चांगशूला बढती मिळाली. मी त्याच शाळेत मास्तर होऊन खालच्या वर्गाला इंग्रजी मुळाक्षरं शिकवत होतो. रस्त्यात भेटला तेव्हा विचारलं, "कशी होती माणसं तिकडची?"

"अडाणी," तो म्हणाला. "स्वतःचीच भाषा एकालाही धड येत नाही."

आणि हे तो अगदी मनापासून बोलत होता.