शेळीचा वास

"बाई, तुमच्या अंगाला शेळ्यांचा वास येतोय. जरा लांब उभ्या राहा."

बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टर हे भरल्या खोलीत बोलले. खाटेवर माझी लेक कुडकुडत होती. तिला थॅलेसेमिया आहे. सारखं रक्त चढवावं लागतं. रक्त घेऊन घरी गेलो की चार दिवसांत ताप. डोळे पिवळे. लघवी काळ्या चहासारखी.

मी विचारलं, "सायेब, रक्तच तिला सोसंना का?"

"रक्तात काही दोष नाही. घरची घाण आवरा."

सिस्टर हसली. शेजारच्या बाईनं पदर नाकाला लावला.

मी इंदापूर तालुक्यातली. एका शेळीवर धंदा उभा केला. निमगाव केतकीच्या बाजारात माझ्याशी भाव करताना गडी घाम पुसतात. तिथं मात्र मी मान खाली घातली. घरी येऊन फिनेलनं हात घासले, कातडं सोलवटेपर्यंत. शेळ्या दिराच्या गोठ्यात हलवल्या. लेक म्हणाली, "आई, आता तुला शेळीचा न्हाय, संडासाचा वास येतोय."

पुढच्या रक्तानंतरही लघवी काळीच. आता तर दारात शेळीही नव्हती. लेकीला उचलून पुण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बसायला खुर्ची दिली. म्हणाल्या, ए, बी, ओ सोडून रक्ताचे आणखी बारीक गट असतात. ते जुळत नव्हते, म्हणून लेकीचं अंग त्या रक्ताशी भांडत होतं. तिच्यात इतक्या जणांचं रक्त मिसळलेलं, की साध्या तपासणीत तिचं स्वतःचं ओळखू येईना. म्हणून त्यांनी तिच्या जनुकांवरून गट शोधले.

अहवाल बारामतीच्या डॉक्टरांपुढे ठेवला.

"अशी तपासणी असती, हे तुमाला ठावं हुतं?"

"होतं. पण तुम्हाला सांगून काय कळणार होतं?"

किळस आली मला. त्यांची. आणि त्यांच्यापुढे जोडलेल्या माझ्या हातांची. बोकडाचा जबडा उघडून दात बघितल्याशिवाय मी पैसे काढत नाही. आणि लेकीच्या नसेत जाणाऱ्या पिशवीबद्दल एक शब्द विचारला नव्हता.

सिस्टर नेहमीसारखी पिशवी घेऊन आली. मी लेकीचा हात पदराखाली घेतला.

"ह्या कागदाशी जुळवलीय का?"

"गट तोच आहे."

"ते न्हाय इचारलं."

डॉक्टर म्हणाले, "बाई, हा बाजार नाही."

"बाजार बरा, डॉक्टर. तितं तोंड उघडून दाखवत्यात, मग इकत्यात."

पिशवी परत गेली. रक्तपेढीला फोन लागला. जुळणारं रक्त येईपर्यंत आम्ही दोघी खाटेवरून हललो नाही.

शेळ्या पुन्हा दारात बांधल्यात. बाजारातून उठून मी आता तशीच दवाखान्यात जाते. लेकराला रक्त चढवायला आलेली नवी आई बाकावर दिसली की तिच्याजवळ सरकते. सांगते, पहिली पिशवी लावायच्या आधी पोराचे बारीक गट तपासून माग. हाकलतील. परत जा, परत माग.

अजून काहीजण नाक धरतात. धरू देत. कागदाशी जुळल्याशिवाय माझ्या लेकीला कुणाचंही रक्त चढणार नाही.