तुळजाबाई टीचर आणि खोडलेली उत्तरं

तुळजाबाई टीचर वर्गात आल्या की पहिल्यांदा छताकडे बघायच्या. पाल दिसली की स्वारी खूश. "आता त्या पालीला हा वर्ग कसा दिसतोय, काढा," म्हणायच्या. बाकं, पंखा, पुढच्या मुलीचा भांग, सगळं वरून बघितल्यासारखं काढायचं. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या शाळेत भूमिती अशी चाले. वर्गात तमिळ, पण आम्हा मराठी मुलींशी घरचं मराठी: "डोळा जागचा उठीव गे! सगळीकडं फिरवून आण त्याला."

अकरावीला मला टेक्निकल ड्रॉइंगचा वर्ग हवा होता. दुसरं काही नकोच होतं. त्यासाठी आकृत्यांची परीक्षा असे. उलगडलेला खोका मिटल्यावर कसा दिसेल, ठोकळा फिरवला तर कुठली बाजू पुढे येईल, असलं सगळं. सराव परीक्षेच्या दिवशी हेडमास्तर, आमच्या तोंडी 'सार', आले आणि अगदी मायेनं म्हणाले, "मुलींनो, नाही जमलं तर मनाला लावून घेऊ नका. ह्याला मुलांचं डोकं लागतं." झालं! पालीच्या डोळ्यानं वर्ग काढणाऱ्या आम्ही मुली धडाधड नापास झालो.

टीचरनी माझा पेपर खिडकीच्या उजेडात धरला. "आधी काढिलेस ते बरोबरच की गे. मग खोडलेस कां?"

मी वाकून बघितलं. खोडलेली रेघ खरंच बरोबर होती.

"सारांचं ऐकून हात भ्याला तुझा," त्या म्हणाल्या, आणि सगळ्या मुलींचे पेपर उचलून थेट हेडमास्तरांच्या खोलीत शिरल्या. मी दाराशी उभी.

टीचरनी त्यांच्या टेबलावर खडूनं ठिपके मांडले आणि वळणावळणाचं कोलम, म्हणजे आमच्याकडची दारातली रांगोळी, अर्धीच काढली. मग तमिळमध्ये म्हणाल्या, "सार, उरलेली बाजू पुरी करा. ह्याला बायकांचं डोकं लागतं. नाही जमलं तर मनाला लावून घेऊ नका."

सार हसले. एक रेघ ओढली, पुसली, परत ओढली, परत पुसली. शर्टाची बाही पांढरी झाली.

"नकाशा बघून घर बांधून घेतलंत ना सार? मग एवढ्याशा ठिपक्यांत काय अडलं?"

सारांनी खडू खाली ठेवला. टीचरनी समोर ठेवलेले खोडाखोडीचे पेपर एकेक करून बघितले. मला त्या दिवशी माझ्या टीचरचा फार अभिमान वाटला.

खऱ्या परीक्षेला सार आले, तोंड उघडलं, टीचरकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, "लिहा." मी पहिलं सुचलेलं उत्तर तसंच राहू दिलं. माझी निवड झाली.

मैसूरपाक घेऊन टीचरच्या घरी गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "आता तिथली पोरं विचारतील, तू इकडं कशी? उत्तर देत बसू नको गे. रेघ ओढ."

मागच्या वर्षी पापनाशमला, भावाच्या घरी, टीचर वारल्या. मी आता पुलांचे आराखडे काढणाऱ्या कचेरीत आहे. तो प्रश्न अजून येतो. तेव्हा टीचरची फार आठवण होते, आणि मी रेघ ओढते.