शेजारच्या विमानातला नवरा

छोट्या विमानांचे फोटो जमिनीवरून काढले की ती बिचारी खेळण्यातली दिसतात. म्हणून मी ते दुसऱ्या विमानातून काढते. त्याचं दार उतरवून ठेवायचं, पट्ट्यांनी स्वतःला आवळून कडेला बसायचं, मग ज्याचा फोटो हवा ते विमान शेजारी येऊन उडतं. दिल्लीत आर. के. पुरमला माझी आई शेजाऱ्यांना सांगते, "फोटोग्राफर आहे, लग्नंबिग्नं करते." खरं सांगायचं म्हटलं की तिचं बीपी वाढतं.

त्या दिवशी शेजारच्या विमानात माझा नवरा होता. एका चार्टर कंपनीत तो पायलट, आणि कंपनीला वेबसाइटसाठी फोटो हवे होते. घरात आमचं धड बोलणं नव्हतं. त्याला बंगळुरूला नोकरी मिळाली होती. "मी आधी जातो, मग बघू," एवढंच म्हणायचा. मग बघू म्हणजे काय, यार? विचारलं की फोनमध्ये तोंड. वरण वाढलं तरी मान वर नाही. हा नोकरीला जातोय की मला सोडून जातोय, तेच कळत नव्हतं. जीव नुसता टांगणीला लागला होता.

दिल्लीच्या आकाशात असले उद्योग कोण करू देतंय! आम्ही हरियाणातल्या एका लहान धावपट्टीवरून निघालो. उडण्याआधी दोन्ही पायलट उभ्याउभ्या सगळं ठरवतात: वळायचं कसं, गडबड झाली तर कुणी कुठे पळायचं. मुख्य नियम एकच. शेजारी उडणाऱ्यानं आमच्या विमानावरून नजर काढायची नाही, क्षणभरही नाही. ते सगळं हजारदा ऐकलेलं, त्यामुळे मी बॅटऱ्या चाचपत अर्ध्या कानानं ऐकलं.

वर गेलो. वाऱ्यानं धुरकं जरा बाजूला केलं होतं. तो शेजारी आला, आणि लेन्समधून बघते तर हा माझ्याकडे बघतोय! एकटक. अगं बाई, किती दिवसांनी! मी फोटो काढतच सुटले. पण कंपनीच्या मार्केटिंगवाल्यानं बजावलं होतं, "मॅडम, पायलट सामने देखे. कॅमेरे में देखेगा तो शादी का फोटो लगेगा." म्हणून माझ्या पायलटला रेडिओवर सांगायला लावलं, क्षणभर पुढे बघ म्हणावं. नवऱ्यानं तिकडून मान हलवली. नाही. पुन्हा सांगितलं, पुन्हा नाही. मी दारात बसून ओरडले, वाऱ्यात कुणाला ऐकू जाणार! चिडले खरी, पण आतून सुखावलेसुद्धा. म्हटलं, गडी माझ्यावरून नजर काढायला तयार नाही.

तेवढ्यात हवेचा धक्का बसला आणि आमचं विमान त्याच्या अंगावर गेलं. त्याच्या पंखाचं टोक एकदम एवढं मोठं झालं. तो त्याच क्षणी खाली आणि बाहेर सरकला. पुढे बघत असता तर आज मी हे लिहायला नसते.

संध्याकाळी नोएडाला घरी येऊन मी फोटो मोठे करून बघायला बसले. त्याचे डोळे स्वच्छ दिसत होते, आणि ते माझ्यावर नव्हतेच. माझ्या पायांच्या जरा पुढे, आमच्या पंखाला आधार देणारा तिरका दांडा विमानाला जिथे जोडलेला असतो, तिथे होते. सगळ्या फोटोंत तिथेच.

तो सोफ्यावर होता. "तू माझ्याकडे बघत नव्हतास?" मी विचारलं.

"त्या जोडावर नजर धरून उडायचं ठरलं होतं ना," तो फोनमधूनच म्हणाला. "तुझ्याकडे बघत बसलो असतो तर धडकलो असतो."

बिल्कुल बरोबर होतं. तरी मला रडू फुटलं. "आता काय धडकतंय? आता बघ ना माझ्याकडे!"

त्यानं फोन ठेवला आणि बघितलं, सरळ माझ्या डोळ्यांत. त्याचे डोळे भरून आले होते.

"मी परत येणार नाहीये," तो म्हणाला.