तोमाची आई फोनवर होती

तारावहिनी गेली त्या दिवशी मी नांदेडला कॉलेजात तास संपवून बाहेर पडत होते. भाचीचा, जुईचा फोन आला. "आत्या, आई सेंटरमध्येच चक्कर येऊन पडली... तू नीघ." तिच्या आवाजावरूनच मला कळायचं ते कळलं. अहमदपूरमार्गे लातूर गाठेपर्यंत दुपार झाली होती. वहिनीला पुढच्या खोलीत ठेवलं होतं, उशाशी दिवा, बायका भिंतीला टेकून बसलेल्या. जुईचा भाऊ अमेय पुण्याहून यायचा होता, त्याची वाट पाहत होतो. तेवढ्यात वहिनीचा मोबाइल वाजायला लागला.

पडद्यावरची अक्षरं आमच्यापैकी कुणालाच वाचता येत नव्हती. फोटो मात्र ओळखीचा होता. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेली म्हातारी, वहिनीची आई. दूर कझाकस्तानात, करागंदा शहरात एकटी राहणारी. रोज दुपारी, वहिनीच्या फिजिओथेरपी सेंटरमधल्या जेवणाच्या सुट्टीत, मायलेकी फोनवर बोलायच्या. जुईनं फोन घेतला. म्हातारी हसत हसत काहीतरी सांगायला लागली, मग जुईचा चेहरा बघून थांबली.

"तोमा?" तिनं विचारलं. आणि पुन्हा, जरा मोठ्यानं, "तोमा?"

वहिनीचं माहेरचं लाडाचं नाव तोमा होतं, हे मला त्या दुपारी कळलं. तामाराची तारा आम्ही लग्नातच करून टाकली होती. आपल्या घरी ती कोण होती, हे विचारायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

जुई "बाबुश्का..." एवढंच म्हणू शकली. आजीला हाक मारायचा तो एक शब्द तिला येत होता. पुढं काही नाही. इंग्रजी म्हातारीला येत नव्हतं, मराठीचा तर प्रश्नच नाही. जुईनं माझ्याकडं बघितलं, मी खाली बघितलं. शेवटी तिनं हळूहळू हात खाली नेला आणि फोन वहिनीकडं वळवला... आम्हाला सांगता येत नव्हतं, म्हणून आम्ही त्या आईला तिची मेलेली लेक दाखवली.

किंकाळी वगैरे आली नाही. मग अगदी खालच्या पट्टीत म्हातारी बोलायला लागली, आमच्याशी नाही, लेकीशी. लहान लेकराला थोपटताना बोलतात तसं. जुई गुडघ्यांवर बसून फोन वहिनीच्या कानाशी धरून राहिली. सेंटरमध्ये वर्षानुवर्षं वहिनीच्या हाताखाली काम केलेली शबानाबी दाराशी उभी होती. ती रडत रडत म्हणाली, "क्या बोल री बेचारी... घर में किसी को बी समझता नई क्या?" मोबाइलमध्ये भाषांतर होतं की, असं नंतर कुणीतरी म्हणालं. होतं. आम्हाला सुचलं नाही.

माझा दादा डॉक्टरकी शिकायला करागंदाला गेला आणि येताना हिला घेऊन आला. ती फिजिओथेरपी शिकलेली. लातूरला दादाच्या दवाखान्यामागं दोन खोल्या होत्या, तिथं तिनं सेंटर सुरू केलं. लकवा मारलेली माणसं, जन्मापासून हातपाय आखडलेली लेकरं रेणापूर, निलंगा, उदगीरकडून तिच्याकडं यायची. मराठी ती त्यांच्याकडूनच शिकली. "उचल, आजून उचल... हाव, आस्सं! लई भारी!" गोऱ्या बाईच्या तोंडून ही बोली ऐकून नवखी माणसं हसायची, आणि हसता हसता पाय उचलायची.

मुलं झाली तरी सेंटर तिनं सोडलं नाही. मुलं आमच्या आईजवळ वाढली. जुई उशिरा बोलायला लागली, तीही दोन्ही भाषांची खिचडी करून. बालवाडीच्या बाईंनी बोलावून तक्रार केली. तेव्हा आई वहिनीला म्हणाली, "लेकराची जीभ दोन दगडावर पाय ठेवून हुबी हाय बाई. एकच काय ते बोल तिच्याशी." घरात वहिनीची भाषा दादाला तेवढी कळत होती, पण तो पेपर वाचत बसला. मी तिथंच होते, मलाही आईचं बरोबरच वाटलं. वहिनी म्हणाली, "हाव." त्यानंतर त्या घरात तिची भाषा फक्त नवराबायकोच्या भांडणात ऐकू यायची. काही वर्षांपूर्वी दादा गेला, मग तेवढीही ऐकू येईनाशी झाली.

दादा गेल्यानंतर मी तिला माहूरला घेऊन गेले होते. गडाच्या पायऱ्यांवर दम खायला बसलो, तेव्हा ती आपणहून बोलली. मुलं शाळकरी असताना एकदा ती त्यांना माहेरी घेऊन गेली होती. आजी एका बाजूला, नातवंडं दुसऱ्या बाजूला, आणि मधे ही दुभाषी. शेवटच्या दिवशी तिची आई तिला म्हणाली, तू परक्यांच्या लेकरांना चालायला शिकवतेस, स्वतःच्या लेकरांना माझ्याशी बोलायला नाही शिकवलंस.

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? लई लाज वाटली बघ. दिवसभर सेंटरमध्ये बोलून बोलून शब्दच सरायचे गं माझे. घरी आले की जेव, झोप, एवढंच उरायचं. ते बी मराठीत." मग म्हणाली, "सेंटर सोडायला पाहिजे होतं का मी?"

मी नाही म्हणाले. आज वाटतं, तो प्रश्न तिनं एकटीनं सोडवायचा नव्हताच. दादाला ती भाषा येत होती. आम्हाला कान होते.

आता मायलेकींच्या त्याच दुपारच्या वेळेला जुई रोज आजीला फोन लावते. मोबाइलवरून थोडं थोडं शिकतेय. आजी उच्चार सुधारते आणि मधेच रडते, असं ती सांगते. अमेय आलेला असला की शेजारी बसून ऐकतो.

तेराव्यानंतर मी नांदेडला परत निघाले. बॅग दारात ठेवली तर जुई म्हणाली, "आत्या, बस ना." वहिनीची ही सवय होती. प्रवासाला निघायच्या आधी सगळ्यांनी क्षणभर गप्प बसायचं, निघणाऱ्यानंही आणि राहणाऱ्यांनीही. आमची आईसुद्धा चप्पल घातलेली तशीच टेकायची. का बसायचं, ते कुणी विचारलं नाही, तिच्याकडची पद्धत म्हणून बसायचो. जुई, अमेय आणि मी, आम्ही तिघं बसलो. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. आम्ही बसूनच होतो... कारण वहिनी अशा वेळी एक छोटासा शब्द म्हणायची आणि आधी स्वतः उठायची, मग आम्ही उठायचो. तो शब्द इतकी वर्षं ऐकला होता आणि आमच्यापैकी एकालाही म्हणता येत नव्हता.