फियाटचे नवे दिवे आणि मामाची दंडार

आमच्या बाबांना, टिकाराम कापगते यांना, भिलाईत ओळखणारे लोक दोन प्रकारचे. एक, ज्यांनी त्यांच्याबरोबर स्टील प्लांटात क्रेन चालवली ते. आणि दुसरे, ज्यांनी कधी ना कधी त्यांच्या फियाटला धक्का मारला ते. मी दुसऱ्यांपैकी, आणि तेही शाळेच्या युनिफॉर्मवर. गाडी माझ्याहून वयाने मोठी आणि घरात मानही तिलाच जास्त. कोहक्याला घर बांधलं तेव्हा आधी गाडीची शेड उभी राहिली, मग स्वयंपाकघराचा ओटा. आईने, म्हणजे सिंधुताईने, हे त्यांना अजून माफ केलेलं नाही.

गाडीचं इंजिन अजून ठणठणीत आहे. दिवे मात्र नावालाच. समोरून येणाऱ्याला आपण दिसावं एवढाच त्यांचा उपयोग. आपल्याला समोरचं काही दिसेल ही आशा नको. एकदा राजनांदगावच्या अलीकडे बाबा अंधारात एका उभ्या बैलबंडीवर आदळता आदळता वाचले. तेव्हापासून घरात कायदा झाला, दिवेलागणीच्या आत गाडी शेडमध्ये.

हा कायदा बाबांनी केला आणि भोगला आईने. तिचं माहेर देवरीकडचं चिचटोला. दिवाळीनंतर तिथे मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, आणि मंडईला आईचा थोरला भाऊ, कवडूमामा, दंडारीत, म्हणजे गावकऱ्यांच्या नाटकात, राजा होतो. आईचं लग्नही व्हायचं होतं तेव्हापासून तोच राजा. दंडार सुरू होते अंधार पडल्यावर. आणि आम्ही? दुपारचा चहा झाला की बाबा किल्ली वाजवत उभे. मुक्कामाचं नाव काढायची सोय नव्हती, कारण घरी आजी अंथरुणाला खिळलेली. ती गेली, तरी किल्ली वाजायची थांबली नाही. आईने भावाचा पुठ्ठ्याचा मुकुट पाहिला, रंग लावलेला चेहरा पाहिला, पण राजा बोलताना लग्नानंतर एकदाही ऐकला नाही. मला याचा राग यायचा. आईला येत नव्हता, त्याचा आणखी राग यायचा.

यंदा मामाचा फोन आला. "सिंधू, हे माहं शेवटचं साल. गुडघे आयकून नाई राहिले. पुढल्या खेपेले दुसरा राजा."

आईने फोन ठेवला आणि बाबांच्या ताटात भाजी वाढता वाढता म्हणाली, "अजी, यंदा मी दंडार पाहूनच येईन. तुमी संग थांबले तं ठीक, नाई तं ट्रकात बसून येईन."

मी लगेच तोंड घातलं. म्हटलं, "बाबा, एलईडी लावा ना. बल्ब बदलले की झालं."

"वंदे, तुले काय समजते? त्या म्हातारीले एलईडी!" बाबा म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी बघते तर गडी मोबाईलवर हेडलाइटचे व्हिडिओ बघतोय, आणि तिसऱ्या दिवशी मलाच शिकवतोय, की एलईडी कमी करंट खाते, जुनी वायर तापत नाही, जुना स्विचही खुश. एकदा डोक्यात घेतलं की बाबांना आवरणं कठीण. दिव्यांची गंजलेली घरं काढून नव्या काचा मागवल्या. बल्बचा पहिला जोड आला तो पांढराफटक. "समोरच्याचे डोये फोडाचे हायेत का?" म्हणून परत धाडला. पिवळसर जोड येऊन पोचला तो मंडईच्या आदल्या दिवशी!

कामाला बाबा आणि माझे यजमान सुशील. सुशील सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये वाढलेला, ऑफिसात क्लार्क. पाना धरला की बोट सापडतं. आणि बाबा अजून मनाने प्लांटमध्येच. तिथे नियम असा, की विजेच्या कामाआधी शटडाउन घ्यायचं. फ्यूज काढायचे, तिसऱ्याच माणसाच्या ताब्यात द्यायचे, लाल पाटी टांगायची. आणि काम संपल्याचं सांगितल्याशिवाय त्याने ते द्यायचे नाहीत. म्हणून बाबांनी दिव्यांचे फ्यूज काढून आईच्या हातात ठेवले, स्टिअरिंगला 'सावधान, काम चालू है' अशी पाटी अडकवली आणि मग बोनेट उघडलं. बारा व्होल्टच्या गाडीला! मी हसून हसून बेजार.

दुपारभर खाटखूट चालली. बल्ब थंड ठेवणारा पाठीमागचा पंखा रबरात बसेना, रबर कापावं लागलं. शेवटी सगळं बसलं. बाबांनी देवाचं नाव घेऊन स्विच ओढला.

काहीच नाही.

"बाबा, ये तो जल ही नहीं रहा," सुशील म्हणाला. बल्ब काढले, फिरवले, पुन्हा लावले. वायर तपासली. बाबांचा चेहरा उतरत चालला. "बल्बच खराब निंगाला. आता दुसरा कुठून आणू? सिंधूले काय सांगू मी?" आवाज इतका बारीक झाला होता, की माझं हसणं पळालं.

तेवढ्यात आई भजनमंडळातून परतली. फाटकातूनच तिने विचारलं, "झालं काय काम? पाटी तं अजून लटकूनच हाये."

"लागून नाई राहिले दिवे," बाबा म्हणाले.

"कसे लागतीन? फ्यूज तं माह्यापाशी हायेत." तिने पर्समधला रुमाल सोडला. "तुमीच म्हणले ना, सांगतल्याबिगर कोणाले देऊ नोको? मी भजनातही पर्स खाली नाई ठेवली."

प्लांटमध्ये फ्यूज काढणं-लावणं इलेक्ट्रिशियनचं काम. बाबा वर केबिनमध्ये बसायचे आणि करंट आपोआप यायचा. म्हणून फ्यूज परत लावायचे असतात हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही! सुशील आणि मी एकमेकांकडे बघायचं टाळत उभे. आईने मात्र आधी पाटी काढायला लावली, मगच फ्यूज दिले.

आणि काय सांगू! स्विच ओढला तशी शेड, समोरची भिंत, भिंतीवरचं मांजर, सगळं उजळलं. "अगं बाई!" आई ओरडली. बाबा टाळ्या पिटत होते, खरंच पिटत होते. मग समोरच्याच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून भिंतीवर खडूची रेघ मारून प्रकाश तिच्या खाली आणायचं काम. आयुष्यभर खालच्या माणसाचे इशारे बघून क्रेन हलवलेले बाबा आता स्वतः खाली उभे राहून सुशीलला इशारे देऊ लागले: बोट वर, तळवा खाली, मूठ बंद. सुशीलला एकही कळत नव्हता, पण स्क्रू फिरत होता.

लगोलग मरोद्यापर्यंत चक्कर मारली. अंधारी सडक दूरवर दिसत होती. आई पुढच्या सीटवर बसून दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत होती आणि बाबा प्रत्येक पाटीला "दिसली? दिसली ना?" विचारत होते. मी मागे बसून उगाचच ओरडत होते.

दुसऱ्या दिवशी चिचटोल्यात दुपारचा चहा झाला. बाबा सवयीने उभे राहिले, किल्ली काढली, आईकडे पाहिलं आणि परत बसले. आई पुढच्या सतरंजीवर जाऊन बसली, दंडार सुरू व्हायला बराच अवकाश होता तरी.

अंधार पडला, ढोलकी वाजली, आणि मामा आला. गुडघे दुखत असूनही राजासारखा आला. छाती काढून त्याने सुरुवात केली, "परधानजी, आज आमच्या दरबारात..." आणि त्याची नजर पुढच्या सतरंजीवरच्या आईवर गेली. मामा थांबला. ढोलकीवाल्याने एक फेरी जास्तीची वाजवली, प्रधानाने खोकून पाहिलं. पण राजाला पुढचं आठवेना.

आई उठली. लहानपणी खळ्यावर मामाचं पाठांतर तीच तर घ्यायची.

"कोण कोण हाजर हाये, दादा!" ती भर मंडईत ओरडली. "म्हण ना, कोण कोण हाजर हाये!"

"हाजर हाये!" मामाचा आवाज फाटला. "परधानजी, लिवून घ्या, माही बहीण हाजर हाये!"

लोकांनी शिट्ट्या मारल्या, टाळ्या वाजवल्या. आई खाली बसायचंच विसरली. सगळी दंडार तिने उभ्यानेच पाहिली, आणि मागच्यांपैकी एकानेही तिला बस म्हटलं नाही.