खामगावची न खेळलेली फायनल

हे मी वंदनाला सांगितलेलं नाही. आणि जे तिला सांगत नाही ते मी दुसऱ्या कुणाला सांगत नाही, म्हणजे हे कुणालाच ठाऊक नाही. वंदना माझी बायको. आत्ता ती शेजारच्या खोलीत फोनवर पोरीशी बोलते आहे, हसते आहे — आणि मी इकडे तुमच्यापाशी बसलो आहे.

आधी कॅरमचं सांगतो. लांबण लावतोय असं वाटेल. लावतोच आहे.

मी नांदुऱ्यात लाईनमन आहे. वीज गेली की लोकांना माझी आठवण येते, वीज आली की विसर पडतो. त्यात वावगं काही नाही, कामच तसं आहे. पण माणसाला कुठेतरी टाळी लागते की नाही? मला ती कॅरमवर मिळाली. आमच्या राजूचं बाजारात हार्डवेअरचं दुकान आहे, त्याच्या मागच्या खोलीत दर रविवारी बोर्ड मांडला जातो. वीस वर्षं तरी मी तिथला दादा होतो. गावात नवा तहसीलचा कारकून येवो की बँकेतला कुणी, कॅरम खेळतो म्हणाला की त्याला माझ्यासमोर आणून बसवत आणि गंमत पाहत. हरून उठताना तो माझ्याशी हात मिळवायचा. तेवढंच. पण ते तेवढंच माझं होतं.

मग एकदा मी खांबावरून उतरताना पडलो आणि पायाला प्लास्टर बसलं. राजूनं बोर्ड आमच्या घरी आणून ठेवला. पण दिवसा कोण येणार खेळायला? पोरगी नुकतीच नर्सिंगला नागपूरला गेली होती. घरात आम्ही दोघंच. मीच वंदनाला म्हटलं, बस समोर.

पहिल्या दिवशी तिनं स्ट्रायकर असा धरला जसा डाळीतला खडा वेचतात. मी खूप हसलो. तीही हसली. मग मी तिला शिकवलं — बोट कसं टेकवायचं, कट कुठून मारायचा, समोरच्या पट्टीवर आपटून सोंगटी मागं कशी आणायची. मन लावून शिकवलं, हे खरं आहे. त्या दिवसांत मी चांगला नवरा होतो असं मला अजून वाटतं.

चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला एखादी गोष्ट इतकी आवडताना मी पाहिली नव्हती. जेवणं आटोपली की ती उजव्या हातातल्या बांगड्या काढून खिडकीत ठेवायची आणि एकटीच खेळत बसायची. पदराला पावडर, कपाळाला पावडर. पोरीला फोनवर सांगायची, "आज राणी घेतली अन् कव्हरबी केली, तुह्या बाबाच्या नाकावर टिच्चून!" माझा पाय बरा झाला, मी कामावर गेलो, तरी बोर्ड परत गेला नाही.

एका रविवारी राजू आणि दोघं-तिघं घरीच खेळायला आले. कुणीतरी म्हणालं, वहिनी, बसा एक डाव. ती बसली. माझ्यासमोर.

तिनं मला नील गेम दिला. ज्यांना कॅरम येत नाही त्यांच्यासाठी सांगतो — नील म्हणजे समोरच्याला एक पॉइंटही न देता जिंकणं. वीस वर्षांत मला नील कुणी दिला नव्हता. राजू मांडीवर थाप मारून म्हणाला, "आता वयनीले उस्ताद म्हना लागीन बे!" सगळे हसले. मीही हसलो. वंदनानं माझ्याकडे पाहिलं, आणि तिचं हसू जरा आत गेलं. तिला कळलं असेल का? तेव्हा ती उठून चहा ठेवायला गेली.

त्यानंतर खामगावच्या एका मंडळाची स्पर्धा जाहीर झाली. त्यात महिलांचा वेगळा गट होता. वंदनानं स्वतः होऊन माझ्याकडे काही मागितलं असं फार कमी वेळा झालंय. त्या दिवशी पोळी वाढता वाढता म्हणाली, "माहं नाव देता का?" मी दिलं. आणि नाव देताना फोन नंबर माझा दिला. तेव्हा मनात काही नव्हतं. बायकांच्या नावापुढे नवऱ्याचा नंबर देतात, तसा दिला.

ती जिंकत गेली. उपांत्य फेरीत तिनं एका कॉलेजच्या क्रीडाशिक्षिकेला हरवलं. बसस्टँडवर मी जिलेबी घेतली, आम्ही दोघांनी उभ्या उभ्या खाल्ली. मला आनंद झाला होता — झाला होता ना? आज मी ते तपासू पाहतो आणि हाताला दुसरंच लागतं. त्याच दिवशी हॉलमध्ये विलासभाऊंनी कुणाशी तरी माझी ओळख करून दिली होती. विलासभाऊ म्हणजे ती स्पर्धा भरवणारे, पोटापाण्याला शिंपीकाम करणारे, कॅरमच्या पायी घरच्यांची बोलणी खाणारे साधे गृहस्थ. ते म्हणाले, "हे वंदनाबाईंचे मिस्टर." एवढंच. त्या माणसानं मान हलवली आणि पुढे वंदनाशी बोलायला गेला. जिलेबी खाताना माझ्या डोक्यात ते वाक्य होतं.

फायनल रविवारी दुपारी दोनची होती. पिंपळगाव राजाहून वंदनाची मोठी बहीण शोभाताई येणार होती, जीप करून, सुना आणि नातींना घेऊन. शोभाताईनं आयुष्यात कॅरम पाहिला नव्हता. पण बहीण कुठेतरी जिंकणार आहे, एवढं तिला पुरे होतं.

रविवारी सकाळी मी चहाच्या टपरीवर होतो. फोन आला, अनोळखी नंबरवरून. विलासभाऊ होते. माझ्या फोनची बॅटरी गेली म्हणून दुसऱ्याच्या फोनवरून करतोय, म्हणाले. पाहुण्यांना लवकर निघायचंय, तर महिलांची फायनल अकराला घेऊन राह्यलो, तुम्ही साडेदहापर्यंत पोचाच. मी म्हटलं, "बरं, बरं. येतो."

घरी जाऊन सांगायचंच होतं. हे मी शपथेवर सांगू शकतो, पण माझ्या शपथेला आता काय अर्थ?

घरी वंदना साडीला इस्त्री करत होती. मला पाहून म्हणाली, "अवो, एक सांगू? राग नका मानजा. आज तुमी मागं बसजा. तुमी समोरून पाह्यता तं माहा हात हालते."

मी म्हटलं, "बसतो मागं."

आणि फोनचं बोललो नाही.

मग आंघोळीला गेलो. सांगू, अंग पुसल्यावर सांगू. मग देवळाकडून एक चक्कर मारून आलो. मग दहा वाजले, आणि मग सांगण्यात काही अर्थ उरला नाही. अकरा वाजता ती पोळ्या लाटत होती. लाटताना मधेच थांबून हवेत बोट मारून पाहत होती. मी पेपर वाचत होतो. एक अक्षर वाचलं नाही, पण पेपर डोळ्यांसमोर धरून होतो.

इथवर तुम्ही म्हणाल, होतं असं, माणूस विसरतो, टाळतो. म्हणून पुढचं सांगतो. बसमध्ये वंदना खिडकीशी बसली होती. मी तिच्या शेजारी बसून फोन काढला आणि सकाळचा तो नंबर शोधून पुसून टाकला. अंगठा जरासुद्धा अडखळला नाही. विसरलेला माणूस असं करतो का?

आम्ही पोचलो तेव्हा हॉलमध्ये सतरंज्या गुंडाळणं चाललं होतं. समोरच्या खेळाडूला पुढे चाल दिली होती. पाहुणे कप देऊन निघून गेले होते. शोभाताईची जीप आमच्या मागोमाग आली. नाती नवे फ्रॉक घालून दारात उभ्या राहिल्या, आत जावं की नाही ते त्यांना कळेना.

विलासभाऊ धावत आले. "काहून उशीर केला बाई? सकाळी सांगतलं होतं न फोनवर. भाऊ, तुमालेच सांगतलं न मी?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. त्या क्षणीही वेळ होती. उशिरा का होईना, एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "मले तं कोनाचा फोन आला नाही."

विलासभाऊ दाराकडे पाहू लागले. ज्याच्या फोनवरून बोललो तो पाहुण्यांना सोडायला गेलाय, म्हणाले, तो आला की दाखवतो. तेव्हा वंदनानं माझ्या खिशातून फोन काढला. आयुष्यात चारचौघांत ज्या बाईचा आवाज चढला नाही, ती फोन त्यांच्या डोळ्यांपुढे धरून म्हणाली, "पाहा! दाखवा कुठी हाय तुमचा फोन! माहा मानूस खोटं बोलत नाही. तुमी चुकले तं कबूल करा, त्याईच्यावर काऊन ढकलता?"

मी तिच्या बाजूला उभा होतो. उभाच होतो.

विलासभाऊंनी त्या फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. त्यांना कळलं, याबद्दल मला शंका नाही. पण ते काय म्हणाले? हात जोडून म्हणाले, "बाई, माहीच चूक झाली असंन. दुसऱ्याच नंबरले लागला असंन." त्या माणसाला तो फोनवाला परत येईपर्यंत थांबता आलं असतं. तो थांबला नाही. बहुतेक माझ्या बायकोकडे पाहून थांबला नाही.

त्यांनी उपविजेतीचा कप पुढे केला. वंदनानं घेतला नाही. शोभाताईनं जाता जाता त्यांना पुष्कळ ऐकवलं, मंडळातल्या इतरांनीही ऐकवलं. पुढच्या वर्षापासून स्पर्धा त्यांच्याकडे राहिली नाही. महिलांचा गट तर बंदच झाला — "भांडणं होतात" म्हणून.

परतीच्या बसमध्ये वंदना रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. नांदुरा जवळ आल्यावर म्हणाली, "तुमी मनाले नका लावून घेऊ. लोकाईले काय, कोनालेबी खोटं पाडतात." ती मला समजावत होती. आणि मी मान हलवली.

राजूनं नंतर दोनदा सांगून पाहिलं, मलकापूरला आहे, अकोल्याला आहे, वहिनीचं नाव द्या. ती नाही म्हणते. जिथे आपल्या माणसाचा शब्द मानत नाहीत तिथे जायचं नाही, असं तिचं ठरलं आहे. घरी खेळतो आम्ही अधूनमधून. हल्ली मीच जिंकतो. ती सोपी सोंगटी चुकवते. ती मुद्दाम चुकवते की मन लागत नाही म्हणून चुकते, हे मी तिला विचारलेलं नाही. विचारायला तोंड लागतं.

गेल्या महिन्यात एका लग्नासाठी खामगावला गेलो होतो. मंडपाच्या दारात विलासभाऊ दिसले. केस पिकलेत, चष्मा जाड झालाय. आम्हाला पाहून ते थांबले, हात जोडले, आणि वंदनाला म्हणाले, "बाई, खेळता न अजून?"

वंदनानं मान फिरवली आणि पुढे निघून गेली.

ते हात तसेच जोडून माझ्यासमोर उभे राहिले. आजूबाजूला कुणी नव्हतं. वंदनाही ऐकू येणार नाही इतकी लांब गेली होती. मी त्यांच्याकडे पाहिलं — आणि मग मीही मान फिरवली, आणि तिच्या मागोमाग आत जेवायला गेलो.