शिनूनं काढून टाकलेला भाग

बीदरच्या आमच्या शाळेत प्रार्थना चालू होती, तेव्हा बंगळूरचा फोन आला. मुख्याध्यापकांनी मला बाजूला बोलावलं आणि त्यांच्या तोंडावरूनच मला कळलं... माझा धाकटा भाऊ शिनू सकाळी कामावर निघताना दारातच कोसळला आणि तिथंच गेला. महिना होऊन गेला, तरी कुणाला पत्र लिहायला बसले की हात आधी त्याचाच पत्ता लिहितो.

बीदरजवळच्या कमठाण्याचा, आमच्या गावचा हा मुलगा लढाऊ विमानांच्या संगणकावर काम करत होता. वैमानिकानं दांडी हलवली की पंखांच्या नि शेपटीच्या फळ्या किती वळवायच्या, हे तो संगणक ठरवतो. वर हवा विरळ, खाली दाट. वेग बदलला की विमानाचा स्वभावही बदलतो. संगणकानं हे उडता उडता स्वतःच ओळखावं आणि आपला जोर कमी-जास्त करावा, असा शिनूचा ध्यास होता. एकदा पेरणीच्या वेळी बांधावर बसून त्यानं ते आमच्या वडिलांना समजावलं.

"अप्पा, मुरमाड रानात तुमी तिफण दाबून धरता, काळ्या रानात हात हलका करता. कुणी सांगावं लागतंय का?"

"न्हाई. हाताला कळतंय."

"तेच मशीनला शिकवायलोय मी."

अप्पा त्या दिवशी गावभर सांगत फिरले.

बारा वर्षं तो त्याच कामाच्या मागे होता. मग एका दिवाळीला आला तो गप्पगप्पच. मी खनपटीला बसले, तेव्हा म्हणाला, संगणकाचा तो स्वतः शिकणारा भाग मीच काढून टाकायला सांगितलाय. चाचण्यांत दिसलं होतं, की हवा बराच वेळ शांत असली तर संगणकाला शिकायला काही मिळत नाही. मग तो मोजमापांतल्या बारीकसारीक चुकांनाच खरं धरून शिकत जातो आणि वाऱ्याचा पहिला झोत आला की भलताच जोर लावतो. क्वचितच, पण लावतो. आता त्या जागी कुठल्या उंचीला, कुठल्या वेगाला किती जोर लावायचा याचे आधीच काढून ठेवलेले आकडे बसणार होते.

"मग कामून काढलास? बारा वर्षं मातीत घातलास की रे!"

"अक्का, आत माणूस बसायलाय. ते कवा चुकंल, मला सांगता येत न्हाई."

"इतकं भित्रं असू नये माणसानं," मी बोलून गेले. मी मास्तरीण, दुसऱ्याची चूक काढायची खोड हाडात मुरलेली. तो नुसता हसला आणि फराळाचं ताट तसंच ठेवून उठला. पुन्हा कामाचं तो माझ्याशी कधी बोलला नाही. त्याचं बरोबर होतं हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं, पण माझं मोठेपण आडवं आलं. पुढच्या सुट्टीत सांगू म्हटलं... तशा किती सुट्ट्या गेल्या.

माझ्याकडे आला की तो गच्चीवर चहा प्यायचा. बीदरच्या हवाई दलाच्या तळावरून सरावाचं विमान उठलं की बोलता बोलता थांबायचा आणि ते उतरल्याचा आवाज येईपर्यंत कप तोंडाला लावायचा नाही. मी चिडवायची, "तुझं हाय व्हय ते?" तो म्हणायचा, "कुणाचं तरी हाय की."

हल्ली मीही तशीच थांबते. काल विमान खाली आलं, तोवर चहा पार निवला होता. मी मोठ्यानं म्हणाले, "शिनू, तुझंच बराबर होतं रे."

ऐकायला कुणी नव्हतं.